मधुमेह, मोटार आणि विमा

गेल्या चैत्रांतली गोष्ट. चैत्रगौरीचें हळदीकुंकू आटोपलें होतें आणि आंब्याची डाळ व पन्हें घेऊन घरांतील मंडळी ओसरीवर बसली होती. आमच्या धाकट्या बंधूंची कन्या त्याच दिवशीं सांगलीहून साताऱ्यास आली होती. तिच्यापुरतें बिनसाखरेचें पन्हें आमच्या घरीं नेहमीं निराळें काढलेलें असतें. तो पेला हातांत घेऊन ती म्हणाली, "काका, मीं मोटार घ्यावयाचें ठरविलें आहे, आणि ती मीच हांकणार आहें."

ओसरी एकदम स्तब्ध झाली. त्याचें कारण वाचकांस सांगितलें पाहिजे. ही मुलगी आज चोवीस वर्षांची आहे. बाराव्या वर्षीं तिला मधुमेह जडला व तेव्हांपासून ती दिवसांतून चार वेळां इन्सुलिन टोचून घेते. सतराव्या वर्षीं परीक्षेच्या दिवसांत एके रात्रीं रक्तांतील साखर अतिशय उतरून ती बेशुद्ध पडली होती. पुढें सात वर्षांत तसा प्रसंग पुन्हां आला नाहीं. पण ती रात्र घरांत कोणीहि विसरलेलें नाहीं. आतां ती सांगलीस एका कारखान्याच्या हिशेबखात्यांत नोकरीस आहे. आईबाप साताऱ्यास, नोकरी सांगलीस, आणि वडिलांच्या गुडघ्यांवरील उपचार मिरजेस चाललेले. दर पंधरवड्यास त्यांना न्यावें लागतें, आणावें लागतें. एस्. टी.च्या पायऱ्या त्यांना आतां चढवत नाहींत. तेव्हां मोटारीचा हा विचार हौसेचा नव्हता, गरजेचा होता.

तरीहि प्रत्येकानें आपापली शंका काढलीच. मातोश्री म्हणाल्या, "जिला भोंवळ येते तिच्या हातीं यंत्र कशाला द्यायचें?" बंधूंनीं विचारलें, "हिला परवाना तरी मिळेल काय?" आणि मीं म्हटलें, "परवाना मिळेलहि. पण हिच्या मोटारीचा विमा कोण उतरवणार?" माझ्या शंकेला एक जुनी आठवण कारण होती. आमच्या तीर्थरूपांच्या आयुष्याचा विमा उतरवितांना लघवींत साखर सांपडली म्हणून एका कंपनीनें जादा हप्ता मागितला होता. मधुमेह म्हटला कीं विमा महाग, ही समजूत तेव्हांपासून माझ्या मनांत घर करून बसली होती.

आठवड्याभरानें विम्याचे एक प्रतिनिधि घरीं आले. त्यांनीं माझी शंका हंसण्यावारी नेली. "अहो काका, मधुमेहाचा उल्लेखच कशाला करतां? त्या रकान्यांत एक आडवी रेघ मारूं, झालें! कोण विचारतो आहे?"

ह्या एका आडव्या रेघेनेंच मला ह्या विषयाचा अभ्यास करावयास लावलें. मधुमेह नाहीं असें घर आतां आपल्या समाजांत विरळाच. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्यानें झालेली जी पाहणी २०२३ सालीं प्रसिद्ध झाली, तिच्यांत देशांतील मधुमेह्यांची संख्या सुमारें दहा कोटि दहा लक्ष दिली आहे. त्यांतील पुष्कळ लोक मोटार हांकतात आणि पुष्कळ नव्यानें शिकूं पाहतात. म्हणून आम्हांस जें कळलें व जें आमच्या घरीं घडलें, तें येथें मांडीत आहें.

आयुष्याचा विमा आणि मोटारीचा विमा

विमा ही वस्तु सातारकरांना नवी नाहीं. सन १९१३ मध्यें कै. अण्णासाहेब चिरमुले ह्यांनीं साताऱ्यासारख्या लहान गांवांत 'वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुअरन्स कंपनी' काढली आणि १९३६ सालीं त्यांच्याच पुढाकारानें येथें युनायटेड वेस्टर्न बँक उभी राहिली. १९५६ सालीं आयुर्विम्याचें राष्ट्रीयीकरण झालें तेव्हां इतर कंपन्यांबरोबर ही विमा कंपनीहि आयुर्विमा महामंडळांत विलीन झाली. अशा गांवांत वाढलेल्या माणसाच्या मनांत विमा म्हणजे आयुष्याचा विमा, हेंच समीकरण बसलेलें असतें. तेथें कंपनी माणसालाच पारखून घेते. त्याचें वय, वजन, रक्त, लघवी, आईबापांचें आयुष्य, सारें विचारते. तेथें साखरेची चौकशी होणारच. कारण कंपनीनें जोखीम पत्करलेली असते ती त्या माणसाच्या आयुष्याची.

मोटारीच्या विम्याची जात निराळी. तो मुळांत जन्मास आला तो मोटारीच्या मालकासाठीं नव्हे, तर तिच्याखालीं सांपडणाऱ्या तिऱ्हाइतासाठीं. आपल्याकडे १९३९ च्या मोटार वाहन कायद्यानें हा विमा सक्तीचा ठरविला आणि ती सक्ती १ जुलै १९४६ पासून प्रत्यक्ष अमलांत आली. सध्यांचा कायदा १९८८ चा आहे. त्याच्या १४६ व्या कलमानें तिऱ्हाइताच्या जोखमीचा विमा उतरविल्यावांचून रस्त्यावर वाहन आणतां येत नाहीं. कोणी आणल्यास १९६ व्या कलमाप्रमाणें पहिल्या खेपेस दोन हजार रुपये दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

ह्या सक्तीच्या विम्याचा हप्ता कंपनी आपल्या मर्जीनें ठरवीत नाहीं. तो सरकार ठरवितें. १ जून २०२२ पासून अमलांत आलेल्या दरांप्रमाणें १,००० घनसेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनाच्या खाजगी मोटारीस वर्षाला २,०९४ रुपये, १,५०० पर्यंत ३,४१६ रुपये आणि त्यापुढें ७,८९७ रुपये असा हा दर आहे. नव्या मोटारीस एकदम तीन वर्षांचा विमा घ्यावा लागतो व त्याचे दर अनुक्रमें ६,५२१, १०,६४० आणि २४,५९६ रुपये असे ठरविले गेले. तीन वर्षांचा हा नियम सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानें सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. आतां ह्या दरांकडे वाचकांनीं पुन्हां एकवार पाहावें. त्यांत इंजिनाचें माप आहे. चालकाचें वय नाहीं, तो नवशिका आहे कीं मुरलेला हें नाहीं, आणि त्याच्या रक्तांतील साखरहि नाहीं.

राहिला आपल्याच मोटारीच्या नुकसानीचा विमा. हा ऐच्छिक असून त्याचा दर कंपनीगणिक बदलतो. तरी येथेंहि मुख्यतः पाहिलें जातें तें वाहनच: त्याची जात, त्याचें वय, त्याची ठरविलेली किंमत आणि नोंदणीचें ठिकाण. २००२ सालच्या दरपत्रकानें देशाचे दोन विभाग पाडले होते. त्यांत पुणें हें मुंबई-दिल्लीच्या पंक्तीस पहिल्या विभागांत बसलें आणि सातारा व सांगली दुसऱ्या, स्वस्त विभागांत राहिलीं. शिवाय ज्या वर्षीं नुकसानीची मागणी केली नाहीं त्याबद्दल पुढील हप्त्यांत सूट मिळते. ती पहिल्या वर्षीं वीस टक्के असते आणि वाढत वाढत पांच वर्षांनीं पन्नास टक्क्यांवर जाते. नव्या चालकास ही सूट मिळवावयास काळ लागतो. त्याला नवखेपणाचा भुर्दंड बसतो तो एवढाच.

हें सारें वाचून झालें तेव्हां माझी पहिली शंका फिटली. मधुमेहामुळें मोटारीचा विमा महाग होतो, ही समजूत चुकीची होती. परंतु मग प्रश्न असा राहिला कीं, महाग होत नसेल तर ती आडवी रेघ तरी कशासाठीं?

त्या रेघेची किंमत

विम्याचा करार हा इतर करारांसारखा नसतो. किराणा दुकानांत तांदूळ घेतांना आपण डोळे उघडे ठेवून घ्यावे लागतात. विम्यांत मात्र जी गोष्ट आपणांस ठाऊक आहे आणि कंपनीस ठाऊक नाहीं, ती विचारली असतां खरी सांगणें हें आपलें कर्तव्य ठरतें. पुष्कळ कंपन्यांच्या प्रस्तावपत्रकांत एक प्रश्न असतो: वाहन चालविणाऱ्यास दृष्टिदोष, श्रवणदोष किंवा कांहीं शारीरिक व्यंग आहे काय? कांहीं पत्रकांत तो नसतो. नसेल तर प्रश्नच मिटला. पण असेल आणि तेथें खोटें लिहिलें गेलें, तर मोटार वाहन कायद्याचें १५० वें कलम ध्यानांत घ्यावें. महत्त्वाची वस्तुस्थिति लपवून किंवा खोटी सांगून विमापत्र मिळविलें असल्यास तें निरर्थ आहे, असा बचाव करण्याची मुभा ह्या कलमानें कंपनीस दिली आहे.

ह्याचा अर्थ घरगुती भाषेंत असा. समजा, उद्यां अपघात झाला व एखादा वाटसरू जायबंदी झाला. त्यानें अपघात न्यायाधिकरणापुढें दाद मागितली. आतां कंपनी जर म्हणाली कीं, "हिनें आम्हांस फसविलें," तर पुढें काय? २००४ सालच्या एका प्रसिद्ध निकालांत परवान्याच्या दोषासंबंधीं विचार करतांना सर्वोच्च न्यायालयानें असें धोरण घालून दिलें कीं, कंपनीनें तिऱ्हाइतास आधीं भरपाई द्यावी व मग योग्य त्या प्रकरणीं ती मालकाकडून वसूल करावी. म्हणजे वाटसरूस पैसे मिळाले तरी तीच रक्कम आपल्या घरावर, शेतावर, प्रॉव्हिडंट फंडावर येऊन बसूं शकते. एकाच निकालानें लाखों रुपयांचा बोजा घरावर येऊं शकतो. एका रेघेनें वांचणार किती, तर एक पैसाहि नाहीं. आणि जाणार किती, ह्याला मर्यादा नाहीं!

वैद्यकीय खर्चाच्या विम्यांत तर ह्याचें उघड उदाहरण आहे. २००९ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें असें एक प्रकरण आलें होतें. विमेदारास जुना मधुमेह व मूत्रपिंडाचा विकार होता आणि प्रस्तावपत्रकांत त्याचा उल्लेख नव्हता. न्यायालयानें कंपनीचा नकार योग्य ठरविला. तें प्रकरण मोटारीचें नव्हे हें खरें. पण तत्त्व तेंच आहे.

आणखी एक कलम तर मधुमेह्यांनीं चष्मा लावून वाचावें असें आहे. मोटारीच्या विमापत्राला जोडून मालक-चालकाचा पंधरा लाख रुपयांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. त्याच्या नमुना मसुद्यांत 'शारीरिक दोष वा दुर्बलता' ह्यांतून उद्भवलेल्या मृत्यूस किंवा इजेस भरपाई मिळणार नाहीं, असा अपवाद घातलेला आहे. साखर उतरून भोंवळ आली व मोटार झाडावर गेली, तर ह्या अपवादावर बोट ठेवलें जाण्याचा संभव आहे. खरें सांगूनहि हा अपवाद पुसला जात नाहीं. म्हणून मधुमेही चालकाचा खरा विमा कागदावर नसतो, तो रोजच्या शिस्तींत असतो. हें आम्हांस येथें प्रथम उमगलें.

एकत्र कुटुंबांसाठीं ह्याच ठिकाणीं एक सूचना करून ठेवतों. आपल्याकडे मोटार वडीलधाऱ्यांच्या नांवें घेण्याची रीत आहे. मलाहि तेंच सुचलें होतें. परंतु हा पंधरा लाखांचा विमा मिळतो तो नोंदणीकृत मालकास, आणि तोहि त्याच्यापाशीं चालू परवाना असेल तरच. मोटार माझ्या नांवें व हांकणार पुतणी, तर तिला त्याचा लाभ नाहीं. आणि मला परवानाच नसल्यामुळें मलाहि नाहीं. मागणी न केल्याची सूटहि मालकाच्याच नांवें जमा होते. म्हणून मोटार जो हांकणार त्याच्या नांवें असलेली बरी.

परवान्याचा प्रश्न

आतां बंधूंची शंका. शिकाऊ परवान्याच्या अर्जाबरोबर 'नमुना एक' नांवाचें स्वयंघोषणापत्र भरावें लागतें. त्यांत मधुमेह हा शब्द कोठेंहि नाहीं. परंतु पहिलाच प्रश्न असा आहे कीं, तुम्हांस अपस्मार किंवा कोणत्याहि कारणानें अकस्मात् शुद्ध हरपण्याचा वा घेरी येण्याचा विकार आहे काय? पुढें दृष्टि, रंगांची ओळख, रातांधळेपणा, हातापायांतील दोष ह्यांविषयीं विचारून शेवटीं, लोकांस धोका पोंचेल असा दुसरा कांहीं रोग आहे काय, असाहि प्रश्न आहे. चाळिशी उलटलेल्या अर्जदारास डॉक्टरांचें 'नमुना एक-अ' हें प्रमाणपत्र जोडावें लागतें. त्याहून लहान वयाच्या माणसास खाजगी मोटारीसाठीं सहसा स्वतःचा शब्द पुरतो. रोगामुळें धोका आहे असें अर्जावरून दिसल्यास अधिकाऱ्यानें परवाना नाकारावा, असें आठवें कलम सांगतें. आणि नकाराविरुद्ध तीस दिवसांत अपील करण्याची सोय सतराव्या कलमांत आहे.

मुलगी म्हणाली, "काका, सात वर्षांपूर्वीं एकदां बेशुद्ध पडलें होतें. मग 'विकार आहे' असें लिहूं कीं 'नाहीं' असें?"

उत्तर माझ्यापाशीं नव्हतें. तिनें स्वतःच सांगितलें, "हें मी ठरवूं नये, तुम्हींहि ठरवूं नये. डॉक्टर ठरवतील." आणि ती मिरजेस आपल्या डॉक्टरांकडे गेली.

मिरज हें वैद्यकीचें जुनें ठाणें. डॉ. वानलेस ह्यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथें मिशनचें रुग्णालय काढलें तेव्हांपासून दक्षिण महाराष्ट्राचा रोगी मिरजेची वाट धरतो. डॉक्टरांनीं प्रमाणपत्र लगेच लिहून दिलें नाहीं. ते म्हणाले, "माझ्या सहीवर लोकांचे जीव अवलंबून आहेत. एक महिनाभर रोज पांच वेळां साखर तपासा, वहींत लिहा, आणि वही घेऊन या. डोळ्यांचा पडदा आणि पायांची संवेदनाहि तपासून घ्या. पायाला ब्रेक कळला पाहिजे."

महिनाभराची वही

वैशाखाचा महिना वहींत गेला. सारें यथास्थित चाललें होतें. पण संकष्टीच्या दिवशीं दुपारीं चार वाजतां वहींत आंकडा पडला, ५८.

रक्तांतील साखर ७० च्या खालीं गेली कीं धोक्याची हद्द सुरू होते. अंगास घाम सुटतो, हात कांपतात, छाती धडधडते. त्याहून खालीं गेली तर विचार गोंधळतो आणि शेवटीं शुद्ध जाते. मुलीनें आठव्या वर्षापासून संकष्टी धरलेली. सकाळीं थोडें फळ घेतलेलें, इन्सुलिन कमी केलेलें, तरीहि हा आंकडा. कपाळावर घाम आला होता, तो तिला वैशाखाच्या उन्हाचा वाटला. "काका," ती फोनवर म्हणाली, "ह्या वेळीं मी पेठ नाक्यावर असतें तर?"

त्या रविवारीं ती घरीं आली व वही तिनें आजीसमोर ठेवली. आम्हांस वाटलें, आतां मातोश्री म्हणणार, "पाहा, मी सांगत नव्हतें?" त्यांनीं आंकडे नातीकडून समजावून घेतले. मग म्हणाल्या, "उपास गणपतीसाठीं आहे, गणपतीला उपाशी पोर नको आहे. तुझी संकष्टी आजपासून मी करतें. घरांत एकीनें केली कीं पुरे. तूं वेळेवर जेव. आणि मोटार हांकायची असेल त्या दिवशीं जेवल्यावांचून घरांतून पाऊल बाहेर टाकायचें नाहीं, हा माझा शब्द."

मीं आजवर पुष्कळ व्याख्यानें ऐकलीं. पण धर्म आणि देह ह्यांचा मेळ इतक्या थोडक्या शब्दांत घातलेला ऐकला नव्हता.

डॉक्टरांनीं तें ५८ पाहून वही मिटली नाहीं, उलट ते म्हणाले, "हा आंकडा तुम्हीं लपविला नाहीं, म्हणून मी प्रमाणपत्र देऊं शकतों." साखरेवर ताबा आहे, सात वर्षांत शुद्ध हरपलेली नाहीं, साखर उतरत असल्याचीं लक्षणें रोग्यास ओळखतां येतात, दृष्टि व पाय निर्दोष आहेत, असें त्यांनीं लिहून दिलें, आणि त्याखालीं नियम घालून दिले. हे नियम मधुमेही घरांनीं उतरून घ्यावे असे आहेत.

निघण्यापूर्वीं साखर तपासावी. ९० च्या वर असेल तर निघावें. ७० ते ९० असेल तर कांहीं खाऊन मग निघावें. ७० च्या खालीं असेल तर मोटारीस हात लावूं नये. लांबच्या वाटेवर दर दोन तासांनीं पुन्हां तपासावी. वाटेंत घाम वा कंप जाणवला तर मोटार कडेला घ्यावी, यंत्र बंद करून किल्ली काढावी आणि चालकाची जागा सोडून बाजूच्या आसनावर बसावें. तीन चमचे साखर अगर तितकाच ग्लुकोज घ्यावा, पंधरा मिनिटांनीं पुन्हां तपासावें आणि साखर ९० च्या वर आल्यावरहि पाऊण तास थांबावें. कारण रक्त लौकर सावरतें, बुद्धि मागाहून सावरते. इन्सुलिनची कुपी उन्हांत उभ्या मोटारींत ठेवूं नये. ती तापून निकामी होते. वर्षांतून एकदां डोळ्यांचा पडदा तपासावा.

गोळ्या घेणाऱ्यांनीं हें आपल्याला लागू नाहीं असें समजूं नये. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यास साखर उतरण्याचें भय सहसा नसतें. परंतु ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड ह्या जातीच्या गोळ्यांनीं ती उतरते. आपली गोळी कोणत्या जातीची, हें डॉक्टरांस विचारून ठेवावें.

दुसरीकडे काय आहे

हे नियम डॉक्टरांनीं मनानें रचलेले नव्हते. इंग्लंडांत इन्सुलिन घेणाऱ्या प्रत्येक चालकास परवानाखात्याला तसें कळवावें लागतें. त्याला एक, दोन किंवा तीन वर्षांचा परवाना मिळतो आणि निघण्यापूर्वीं व दर दोन तासांनीं साखर तपासण्याचें बंधन पाळावें लागतें. त्याबरोबरच, आंकड्यांचा वा अनुभवाचा आधार नसतां केवळ मधुमेह आहे म्हणून विमा कंपनीनें जादा हप्ता मागणें तेथें २०१० च्या समानता कायद्यास धरून होत नाहीं. म्हणजे तेथें बंधन आहे आणि संरक्षणहि आहे. आपल्याकडे खाजगी मोटार हांकणाऱ्या मधुमेह्यासाठीं असें निराळें बंधन नाहीं. ही मोकळीक सुखाची वाटते खरी. पण बंधन कायद्यानें घातलें नाहीं तर तें आपणच घालून घ्यावयास नको काय?

१९२२ च्या जानेवारींत टोरंटो येथें एका चौदा वर्षांच्या मुलास पहिल्यानें इन्सुलिन टोचलें गेलें. त्यापूर्वीं बालपणीं मधुमेह जडलेलें मूल फार दिवस जगत नसे. आमच्या पुतणीसारखी मुलगी आज मोटार घेण्याची गोष्ट बोलते, ह्यांतच शंभर वर्षांची मजल आहे. तिला घरांत कोंडून ठेवणें हा त्या मजलेचा अपमान झाला असता.

शेवट

ज्येष्ठांत मुलीनें शिकाऊ परवाना काढला. घोषणापत्राबरोबर डॉक्टरांचें प्रमाणपत्र जोडलें आणि सात वर्षांपूर्वींची हकीकत त्यांत होती तशीच ठेवली. शिकाऊ परवान्याची मुदत सहा महिन्यांची असते व तीस दिवसांनंतर पक्क्या परवान्याची परीक्षा देतां येते. ह्या काळांत शेजारीं परवानाधारक शिकविणारा असला व मोटारीवर शिकाऊपणाची तांबडी खूण असली, तर विमापत्र शिकाऊ चालकासहि लागू पडतें. पुष्कळांना हें ठाऊक नसतें. भाद्रपदांत ती परीक्षा उतरली.

विम्याचें पत्रक भरावयास तेच प्रतिनिधि पुन्हां आले. शारीरिक व्यंगाच्या रकान्याशीं त्यांची लेखणी थबकली. मुलीनें ती मागून घेतली आणि स्वतःच्या हातानें लिहिलें: 'मधुमेह आहे, इन्सुलिन घेतें, डॉक्टरांचें प्रमाणपत्र सोबत.' भरलेल्या पत्रकाची एक प्रत तिनें आपणापाशीं ठेवली. दोन दिवसांनीं विमापत्र आलें. हप्ता पूर्वीं सांगितला होता तेवढाच होता. एक रुपयाहि वाढला नव्हता. कंपनीनें उद्यां कांहीं अन्याय्य अडवणूक केलीच, तर पुण्यास विमा लोकपालाचें कार्यालय आहे. साताऱ्या-सांगलीची तक्रार तेथें चालते, तिला शुल्क पडत नाहीं व वकील लागत नाहीं. त्यापूर्वीं कंपनीकडे लेखी तक्रार केलेली मात्र असली पाहिजे.

खंडेनवमीस मोटार दारांत आली. मातोश्रींनीं तिला हळदकुंकू वाहिलें, चाकाखालीं लिंबू ठेवविलें, आणि पदराआडून एक लहानसा पितळी डबा काढून चालकाच्या आसनाजवळील कप्प्यांत ठेविला. त्यांत खडीसाखर होती.

"आजी, मधुमेह्याच्या गाडींत साखर?" मुलगी हंसून म्हणाली.

"डॉक्टरांनीं सांगितली आहे ना? मग ती औषध. रिकामा झाला कीं भरून न्यायला घरीं यायचें."

दुसऱ्या दिवशीं ती वडिलांना घेऊन निघाली. साताऱ्याहून सांगली सव्वाशे किलोमीटरांच्या आसपास. कऱ्हाडला थांबून तिनें साखर तपासली, ११२. पेठ नाक्याला महामार्ग सोडला आणि आष्ट्यावरून दोघेंहि दुपारीं सांगलीस पोंचलीं. घरीं फोन आला तेव्हां मातोश्री देवघरांत बसल्या होत्या. त्यांनीं पहिला प्रश्न विचारला तो मोटारीविषयीं नव्हता, वाटेविषयींहि नव्हता. त्यांनीं विचारलें, "जेवलीस काय?"